मुक्या जनावरांचं आश्रय केंद्र : आणण्याआधी सांभाळण्याचा हिशेब

ऊस हंगाम संपला की बेळगाव, चिक्कोडी, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. गाडीला जुंपलेल्या बैलांपैकी जे पायाने अधू झाले, ज्यांच्या खांद्याला आवाळू आलं, त्यांचं काय करायचं? लग्नसराई संपली की वरातीच्या घोड्यांचं तेच. शर्यतीतून बाद झालेलं तट्टू, वीटभट्टीवरचं लंगडं गाढव, आटलेली म्हैस, रस्त्यावर सोडून दिलेलं वासरू, यादी मोठी आहे. अशा वेळी कुणीतरी पुढे येतो, परसातल्या शेडमध्ये दोन जनावरं बांधतो आणि गावभर नाव होतं, "अमक्याकडे न्या, तो सांभाळतो." वर्षभरात दोनाची वीस होतात. इथपर्यंत सगळं चांगलं चालतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

घोडे आणि शेतीच्या जनावरांसाठी आश्रय केंद्र चालवायचं म्हणजे काय, कायदा काय सांगतो, खर्च किती धरायचा आणि कुठे थांबायचं, याची ही माहिती.

जुनी परंपरा, नवं काम

आपल्याकडे पांजरपोळ ही कल्पना नवी नाही. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली सुरू झाला, सर जमशेटजी जीजीभॉय हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी काम करणारी मुंबईची संस्था १८७४ पासूनची. गुजराती, मारवाडी, जैन व्यापाऱ्यांनी पेठांच्या गावांतून पांजरपोळ उभे केले, मठ-मंदिरांनी गोशाळा चालवल्या.

पांजरपोळ किंवा गोशाळेत जनावर मुख्यतः आसऱ्याला येतं. आश्रय केंद्राचं काम थोडं वेगळं आहे. इथे जनावर बहुतेक वेळा जखमी, उपाशी किंवा आजारी येतं, कधी पोलीस केसमधून येतं. उपचार करायचे, बरं झालं तर चांगलं घर शोधायचं, नाहीतर शेवटपर्यंत सांभाळायचं. गोशाळेत घोडा, गाढव, शेळी, डुक्कर यांना सहसा जागा नसते. आश्रय केंद्राला मात्र फोन कुणासाठीही येतो.

कायदा काय म्हणतो

मूळ कायदा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, जादा ओझं लादणं, जखमी किंवा आजारी जनावर कामाला जुंपणं, पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं, वाहनात कोंबून नेणं आणि जनावर वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा मात्र आजही हास्यास्पद वाटावी अशी आहे. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जनावर ठार मारणं, विष घालणं किंवा कायमचं अधू करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे वेगळे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर गेलं असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. पाठीवरच्या ओझ्याची मर्यादाही ठरलेली आहे. तट्टाला ७० किलो, गाढवाला ५० किलो. वीटभट्टीवर एका गाढवावर किती विटा चढतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

शर्यतींच्या बाबतीत गोंधळ असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती. नंतर महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडू या राज्यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. या दुरुस्त्या बैलगाडा शर्यत, कंबळा, जल्लीकट्टू यांच्यापुरत्या आहेत. घोडागाडीच्या शर्यतीला त्यांचा आधार मिळत नाही.

ताबा घेताना कागद आधी

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. जनावराचे हाल बघवत नाहीत म्हणून दावं सोडून आणलं, तर मालक उलट चोरीची तक्रार देऊ शकतो. जनावर केंद्रात येण्याचे सरळ मार्ग तीनच आहेत.

पहिला, मालकाने स्वतः लिहून देणं. साध्या कागदावर का होईना, जनावराचं वर्णन, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, "हक्क सोडून देत आहे" असं स्पष्ट वाक्य, सही आणि दोन साक्षीदार हवेत.

दुसरा, पोलीस कारवाई. फोटो, सरकारी पशुवैद्यकाचा दाखला, पंचनामा आणि सुपूर्दनामा ही कागदपत्रं सांभाळून ठेवावीत. केस चालू असेपर्यंत ते जनावर मुद्देमाल असतं. ते विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, मेलं तर शवविच्छेदन करून कळवावं लागतं. २०१७ च्या नियमांनुसार या काळातला सांभाळाचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो, आणि वाहतुकीची केस असेल तर वाहनमालक, माल पाठवणारा, घेणारा असे सगळे मिळून जबाबदार धरले जातात. बरीच केंद्रं हा खर्च मागतच नाहीत, कारण रोजची नोंदवही ठेवलेली नसते. न्यायालयापुढे हिशेब मांडायचा तर तारीखवार चाऱ्याची आणि औषधांची बिलं हवीत.

तिसरा, बेवारस जनावर. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा पोलिसांना लेखी कळवूनच ते ठेवून घ्यावं. आठवड्याने मालक उगवतो आणि जनावर फुकट धष्टपुष्ट करून परत नेतो, हा अनुभव नवा नाही.

बाजारातून पैसे मोजून जनावर "सोडवणं" हा चौथा मार्ग भावनिक आहे, पण महाग पडतो. व्यापाऱ्याला किंमत मिळाली की तो त्याच पैशात पुढच्या बाजारी दुसरं जनावर उभं करतो.

सीमाभागात वाहतुकीची वेगळी डोकेदुखी आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. कर्नाटकच्या २०२० च्या कायद्यात गोवंशाबरोबर १३ वर्षांखालच्या म्हशी-रेडेही येतात. त्यामुळे वाचवलेलं जनावर घेऊन निघालेली गाडीसुद्धा कोगनोळीला अडवली जाऊ शकते. पशुवैद्यकाचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र, मालकी किंवा सुपूर्दनाम्याचा कागद आणि केंद्राचं पत्र गाडीत असलंच पाहिजे. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, हा १९७८ चा नियम सगळ्यांना लागू आहे, वाचवणाऱ्यालाही.

पहिले दहा दिवस

उपासमार झालेला घोडा आला की गावातली माणसं बादलीभर हरभरा, गूळ, भाकरी घेऊन येतात. हीच माया त्याच्या जिवावर उठते. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम धान्य आणि साखर गेली की रक्तातले क्षार कोसळतात, हृदय आणि श्वास बंद पडू शकतो. अशा घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलोच्या आसपास वाळलेला लसूणघास, एवढंच द्यायचं. चौथ्या ते दहाव्या दिवसापर्यंत प्रमाण हळूहळू वाढवायचं आणि दिवसाच्या वेळा कमी करत तीनवर आणायच्या. धान्य त्यानंतर, तेही डॉक्टरांना विचारून. अंगावर मांस भरायला काही महिने लागतात. घाई करून फायदा नाही.

गाढवाचं उलट आहे. ते खायचं थांबलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि काही दिवसांत दगावतं. जोडीतलं एक गाढव आणलं आणि दुसरं मागे ठेवलं, तरी ते खाणं सोडतं. शक्यतो जोडी फोडू नये.

गाय-बैलांना शिळा भात, पुरणपोळ्या, पीठ यांचा ढीग घातला की पोटात आम्ल होतं. कोल्हापूर जिल्ह्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये शिळं अन्न खाऊन गायी दगावल्याची बातमी सीमाभागात सगळ्यांनी वाचली होती. लग्नातलं, जत्रेतलं उरलेलं अन्न केंद्रात घ्यायचं नाही, हा नियम दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला बरा. देणाऱ्याला राग आला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, घोड्याला ते विष आहे. जिथे सगळी जनावरं एका आवारात आहेत, तिथे घोड्याचं खाद्य वेगळ्या खोलीत, वेगळ्या मापाने ठेवावं.

नवीन जनावर तीन ते चार आठवडे वेगळं बांधायचं. त्याची बादली, खरारा, दोर वेगळे. घोडा, गाढव, खेचर असेल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो, औषधाने जनावर बरं करण्याची मुभा नाही, बाधित जनावराला मरण द्यावं लागतं आणि कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. घोड्याला धनुर्वाताची लस पहिल्याच आठवड्यात, कारण खिळा लागलेल्या खुरातून धनुर्वात झाला तर घोडा क्वचितच वाचतो. गुरांना लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि लम्पीच्या लसी वेळापत्रकाने द्याव्यात.

रोजचा खर्च : कागदावर मांडा

साधारण ३५० ते ४०० किलो वजनाच्या बैलाला दिवसाला २० किलो ओला चारा आणि ४ किलो कडबा लागतो. दहा बैलांचा ओला चारा दिवसाला २०० किलो, महिन्याला ६ टन. उदाहरणादाखल ओला चारा किलोला ३ रुपये आणि कडबा ८ रुपये धरू. एका बैलाचे दिवसाला ९२ रुपये होतात, दहा बैलांचे महिन्याला २७ हजार ६०० रुपये. यात गड्याचा पगार, औषधं, पेंड, वीज, पाणी, शेडची दुरुस्ती काहीच नाही. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब प्रत्येकाने करून पाहावा.

आता वर्षांचा विचार. नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो, गाढव त्याहून जास्त, गाय-बैल २० वर्षांच्या आसपास. दहा वर्षांचा घोडा आज आणला तर तो आणखी पंधरा वर्षं दारात असेल. रोजचे ९२ रुपयेच धरले तरी त्या एका जनावराचा खर्च पाच लाखांच्या वर जातो. जनावर आणायला एक दिवस लागतो, हा खर्च त्याच्या मागून पंधरा वर्षं येतो.

साखरपट्ट्यात उसाचं वाडं स्वस्त मिळतं म्हणून हंगामभर तेच घातलं जातं. वाड्यातल्या घटकांमुळे अंगातला चुना बांधला जातो आणि हाडं कमजोर होतात. खनिज मिश्रण रोज द्यावंच लागतं, आणि हंगाम संपल्यावरच्या चाऱ्याची सोय आधीच करावी लागते. एप्रिल-मे मध्ये चारा शोधायला निघालेलं केंद्र दुप्पट भावाने घेतं.

जागेचं माप असं की एका गाईला छताखाली साधारण ३८ चौरस फूट आणि मोकळ्यात ७५ चौरस फूट हवं. मोठ्या घोड्याला बारा बाय बाराचा खण, तट्टाला दहा बाय दहा. उन्हाळ्यात एका बैलाला ४० ते ६० लिटर पाणी लागतं. बोअर आटली तर टँकरचा खर्च वेगळा. घोड्याचे खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटावे लागतात आणि चांगला नालबंद आता शोधून सापडत नाही. एखाद्या जुन्या टांगेवाल्याला हाताशी धरलं तर तो दहा वर्षांचा अनुभव फुकट घेऊन येतो.

पैसे कुठून येतात

सरकारी मदत आहे, पण ती बहुतेक गोवंशापुरती. महाराष्ट्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला "राज्यमाता-गोमाता" जाहीर केलं, त्याच वेळी गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय झाला. कर्नाटकात २०२२ पासून पुण्यकोटी दत्तक योजना आहे. तिच्यात वर्षाला ११ हजार रुपये देऊन गोशाळेतलं एक जनावर दत्तक घेता येतं, म्हणजे दिवसाला साधारण ३० रुपये. वरच्या ९२ रुपयांशी तुलना केली की उरलेली रक्कम लोकवर्गणीतूनच यायची, हे लक्षात येतं. घोडा, गाढव, शेळी यांच्यासाठी तर पूर्ण रक्कमच.

म्हणून संस्था नोंदणी, पॅन, आयकर सवलतीची नोंदणी आणि दरवर्षीचं लेखापरीक्षण यांना पर्याय नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगी दिली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, हे पावती फाडतानाच सांगावं. प्राणी कल्याण हा विषय कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत बसतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता घ्यावी. हे मंडळ १९६२ पासूनचं, कार्यालय आता हरियाणातल्या बल्लभगडला आहे.

हिशेबाचा एक नियम जुनी केंद्रं पाळतात. सहा महिन्यांचा चारा-खर्च बँकेत बाजूला असल्याशिवाय नवीन जनावर घ्यायचं नाही.

"जागा नाही" म्हणणं

सगळ्यात अवघड काम हेच. रात्री एक वाजता फोन येतो, "साहेब, बैल रस्त्यात पडलाय, तुम्ही नाही नेला तर मरेल." पंचवीसच्या शेडमध्ये साठ जनावरं होतात ती अशीच, एकेक फोन घेत. मग चारा वाटून वाटून कमी पडतो, दुबळं जनावर गव्हाणीपर्यंत पोचत नाही, एकाचा रोग सगळ्यांना लागतो. कलम ११ मध्ये अन्न-पाणी-निवारा न देणं हा गुन्हा आहे, आणि तो केंद्रचालकालाही तेवढाच लागू होतो. हेतू चांगला होता म्हणून जनावराची भूक कमी होत नाही.

यावर उपाय म्हणजे मर्यादा आधीच ठरवणं. किती जनावरं, कोणत्या प्रकारची, कोणत्या तालुक्यापर्यंत, हे लिहून फलकावर लावावं. त्यापलीकडच्या फोनला नुसतं "नाही" न म्हणता मार्ग सांगावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, दोन्ही राज्यांत चालतो.

या बाबतीत कैरोचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. १९३० मध्ये तिथे गेलेल्या डोरोथी ब्रुक यांना पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश फौजेचे घोडे मरणासन्न अवस्थेत ओझी वाहताना दिसले. त्यांनी वर्गणी जमवून सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातले बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं हीच दया होती. पण १९३४ मध्ये त्यांनी कैरोत उघडलं ते घोड्यांचं इस्पितळ, कारण गाडीवानाचा घोडा वेळीच बरा झाला तर सोडवायची पाळीच येत नाही. त्यांच्या नावाची संस्था आज भारतातही कष्टकरी घोडे-गाढवांसाठी काम करते. आपल्या शेजारी, सांगली भागात २००३ पासून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था बैल, घोडे, गाढवांवर मालकाच्या दारात जाऊन उपचार करते, आणि निवृत्त बैलांसाठी वेगळी जागाही चालवते.

खांद्याच्या आवाळूवर वेळीच उपचार, जू नीट बसवणं, पत्र्या आणि नाल वेळेवर मारणं, यावर खर्च केलेले शंभर रुपये शेडमधल्या एका जनावराची जागा वाचवतात.

घर शोधणं आणि शेवट

बरं झालेलं जनावर चांगल्या घरी गेलं की मागे एक खण रिकामा होतो. देताना करार लिहून घ्यावा. विकायचं नाही, शर्यतीत पळवायचं नाही, जड ओढकामाला लावायचं नाही, सांभाळता आलं नाही तर केंद्राला परत द्यायचं. पहिल्या वर्षात तीन-चार वेळा न कळवता जाऊन बघावं.

काही जनावरं बरी होत नाहीत. पाय तुटलेला घोडा, आठवडा झाला तरी न उठणारा बैल, अंगावर जखमा पडत चाललेल्या. उठत नसलेल्या जनावराला मऊ अंथरूण आणि दर काही तासांनी कूस बदलणं लागतं, तेवढी माणसं नसतील तर ते जनावर रोज थोडं थोडं मरतं. अशा वेळी कायद्याच्या कलम १३ मध्ये, यातना संपवण्यासाठी जनावराला मरण देण्याची तरतूद आहे. निर्णय सरकारी पशुवैद्यकाच्या लेखी मतानेच घ्यावा आणि कागद जपून ठेवावा.

मेलेल्या जनावरासाठी खोल खड्डा, चुना आणि विहिरीपासून लांबची जागा आधीच ठरवलेली असावी. वेदनाशामक निवडताना गिधाडांचाही विचार हवा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून. डॉक्टरांकडून मेलोक्सिकॅम मागून घ्यावं.

सुरू करण्याआधी

ज्याला हे काम करायचं आहे त्याने आधी सहा महिने एखाद्या चालू केंद्रात शेण काढावं, असा सल्ला जुनी माणसं देतात. मग एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात. माझ्याकडे चारा किती महिन्यांचा आहे, पाणी मे महिन्यात किती आहे, रात्री येणारा डॉक्टर कोण, आणि मी आजारी पडलो तर उद्या सकाळी या जनावरांना वैरण कोण टाकणार. चौथ्या प्रश्नाला एका माणसाचं नाव लिहिता येत नसेल, तर पहिलं जनावर आणायला अजून थांबलेलं बरं.